शेवाळाचं लॉगबुक

बळीराम रामटेके चौतीस वर्षं शेवाळाशी भांडले आणि एकदाही हरले नाहीत. भिलाईच्या प्लांटमध्ये ते पाणी विभागात होते. भट्ट्या थंड करून आलेलं पाणी कूलिंग टॉवरवरून खाली पडायचं, त्याला ऊन लागायचं, आणि ऊन-पाणी एकत्र आलं की शेवाळ आलंच. भिलाईत त्याला सगळे काई म्हणतात. काई पाइपात शिरली की पंप धापा टाकायचा, पंप धापा टाकू लागला की साहेब ओरडायचे, आणि साहेब ओरडले की बळीराम क्लोरीनचा डोस वाढवायचे. दोन दिवसांत टॉवर लख्ख. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते की रामटेकेंना पाहून काई स्वतःच सुटी टाकते. हे वाक्य बळीरामांनी घरी येऊन चंपाबाईंना तीनदा ऐकवलं होतं.

अशा माणसाची अब्रू कॅम्प-१ वस्तीतल्या त्याच्या स्वतःच्या घरात, एका काचेच्या टाकीनं घ्यावी, हे बळीरामांना फार लागलं.

टाकी खाऱ्या पाण्याची. समुद्र बघायचा तर भिलाईकराला रात्रभर रेल्वेत बसावं लागतं, पण त्यांच्या राजदीपनं समुद्रच घरी आणला होता. लॉकडाउनमध्ये तो दीड वर्ष घरून कंपनीचं काम करत होता. त्या रिकामपणात त्यानं बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींखाली चार फुटांची टाकी मांडली, मीठ कालवलं, दगड रचले, तळाला पोवळ्याची रेती अंथरली आणि तीन मासे सोडले: दोन केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि एक निळा, जरा भांडकुदळ. मग कंपनीनं पुण्याला बोलावलं. राजदीप गेला, समुद्र राहिला.

बळीरामांना वाटलं होतं, कटकट मागे ठेवून गेला. पण चंपाबाई त्या टाकीपुढे रमल्या. गुडघ्यांमुळे विहारातलं महिला मंडळ सुटलं होतं. पंधरा वर्षं त्या मंडळाच्या वहीत त्यांनी सभेचा वृत्तांत लिहिला होता. अक्षर असं गोल की बाकीच्या बाया नुसतं पाहायला वही मागायच्या. आता दिवसभर बसायचं कुठे? तर टाकीपुढे. त्यांनी बोट काचेला लावलं की तिन्ही मासे धावत यायचे. "पाहा, आले माहे लेकरं," असं म्हणून त्या हसायच्या, आणि ते हसू पाहायला बळीराम पेपर खाली ठेवायचे.

मागच्या पावसाळ्यात काई आली. आधी दगडांवर हिरवी लव, मग बोटभर लांब केस, मग काचेवर जाड सायच. जानेवारीत राजदीपनं व्हिडिओ कॉलवर टाकी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, ये तो जंगल हो गया! मासे मरतील असे. मी चौदा एप्रिलला येतो ना, जयंतीले. तोपर्यंत साफ नाई झाली तं माहा रायपूरचा दोस्त गाडी घेऊन येईन, टाकी घेऊन जाईन. आप लोगों को भी तकलीफ नहीं."

चंपाबाई बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "अवो, नेऊ देसान काय तुमी माह्या माशायले?"

"मी काई मारतो," बळीराम म्हणाले. "चौतीस वर्षं तेच केलं."

तर आता हे युद्ध. बळीरामांचे हात क्लोरीनसाठी शिवशिवत होते, पण क्लोरीन टाकलं की काईबरोबर मासेही जाणार, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी आधी प्लांटमध्ये करायचे तेच केलं: लॉगबुक उघडलं.

लॉगबुक म्हणजे काय, हे सांगितलं नाही तर बळीराम कळायचे नाहीत. पंप हाउसमध्ये तीन शिफ्ट. जाणारी शिफ्ट वहीत सगळं लिहून जायची, येणारी शिफ्ट ते वाचून "वाचली" असं लिहून सही करायची. आणि त्यांच्या पंप हाउसचा एक कायदा होता: जी सूचना ज्यानं लिहिली, ती त्यानंच खोडायची. एकदा श्यामराव नावाच्या फिटरनं "चार नंबरचा पंप चालू करू नये" असं लिहिलं आणि पुतणीच्या लग्नाला गोंदियाकडे निघून गेला. पंप दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. पण सूचना खोडायला श्यामराव नव्हता, म्हणून बळीरामांनी नऊ दिवस पंपाला हात लावू दिला नाही. साहेब लालबुंद झाले. बळीराम म्हणाले, "साहेब, मशीनच्या आत कोनाचा हात हाय का नाई, हे लिहिनाऱ्यालेच ठाऊक." श्यामराव दहाव्या दिवशी आला, त्यानं ओळ खोडली, मगच पंप फिरला. नियम म्हणजे नियम. बायकोशी भांडताना सोडली तर बळीरामांनी शिस्त कधी सोडली नव्हती.

शंभर पानी वही आली. खारेपणा किती, तापमान किती, दिवा किती तास, बाष्प होऊन गेलेलं पाणी किती लिटर भरलं, माशांच्या खाण्याचा नवा डबा कधी फोडला. हा डब्याचा रकाना त्यांनी राजदीपच्या कागदांवरून आणि दुकानाच्या पावत्यांवरून टाकी मांडली तेव्हापासूनचा भरून काढला. खाणं द्यायचं काम चंपाबाईंचं: सकाळी आठला चिमूटभर, संध्याकाळी पाचला चिमूटभर. आठ वाजले की बळीराम हाक मारायचे, "चंपा, सही कर." चंपाबाई हसत 'चं' असं अक्षर काढायच्या. साठ वर्षांच्या बाईला शिफ्टची हजेरी लावायला मिळाली, याचं त्यांना अप्रूप होतं.

मग एकेक उपाय. टूथब्रशनं दगड घासले. आठवड्यात काई परत. नळाचं पाणी बंद करून गाळलेलं पाणी वापरलं, काई परत. टाकीवर तीन दिवसांसाठी चादर टाकून अंधार केला. दुसऱ्याच दिवशी चादर घडी घालून पलंगावर. "अंधारात घाबरून राहिले होते बिचारे," चंपाबाई म्हणाल्या. रायपूरहून बसनं काई खाणाऱ्या शंखगोगलगायी आणल्या. त्या खाऊन खाऊन गुबगुबीत झाल्या आणि काई त्यांच्यापेक्षा जोरात वाढली. पाण्यातलं फॉस्फेट शोषणारे काळे दाणे जाळीच्या पिशवीत घालून सोडले. फॉस्फेट हे काईचं जेवण. चार दिवस आकडा उतरला, पाचव्या दिवशी पुन्हा वर. बळीरामांनी हात टेकले. पाण्यात जेवण कुठून तरी येत होतं, आणि वहीत तर दिवसाला दोनच चिमटी. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं मानण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी नवा डबा फोडताना त्यांनी रकाना पाहिला आणि त्यांचं डोकं तडकलं. मागचा डबा तीन आठवड्यांत संपला होता! दुकानदार कमी भरतो, दुसरं काय. तडक स्कूटर काढली आणि पॉवर हाऊस स्टेशनजवळच्या भैयालालच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला. भैयालालनं शांतपणे त्यांच्यासमोर नवा डबा काट्यावर ठेवला. वजन बरोबर होतं.

"काका, मछली कितनी है?" त्यानं विचारलं.

"तीन."

"तीन मछली में ये डब्बा पाँच-छह महीना चलता है. खिलाता कौन है घर में?"

बळीराम वळले. डबा पिशवीत टाकून घरी आले. वाटेत सिग्नल हिरवा होऊनही उभे राहिले आणि मागच्या ऑटोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर उघडून टाकीपासून चार हातांवर बसले. पेपरच्या कोपऱ्यावर पेन्सिल. आठला चंपाबाईंनी खाणं टाकलं, सही केली. आठ वीसला स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, टाकीपुढे थबकल्या आणि कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, सकायपासून कोनं इचारलंच नाई काय तुमाले? घ्या रे, घ्या." चिमूटभर. आठ चाळीसला पुन्हा. तीच वाक्यं, तोच कळवळा, एक शब्द इकडेतिकडे नाही. सव्वानऊ. साडेनऊ. दहा वाजता त्यांनी बळीरामांनाही विचारलं, "अवो, माशायले काही देलं काय तुमीनं?" दुपारी बारापर्यंत पेपरच्या कोपऱ्यावर नऊ रेघा झाल्या. बळीरामांनी दहावी मारली नाही. पेन्सिल हातातच राहिली.

वरणात दोनदा पडलेलं मीठ त्यांना आठवलं. फ्रिजमध्ये सापडलेली किल्ली आठवली. बहिणीचं नाव आठवेना म्हणून चंपाबाई रडल्या होत्या, आणि ते म्हणाले होते, "लक्ष देत नाई तू." टॉवरच्या पाण्याचा रंग किंचित बदलला तर धावत जाणारा माणूस, आणि घरात आठ महिने काय पाहत होता? बळीरामांना स्वतःची भयंकर चीड आली.

दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, बळीरामांना बाजूला घेऊन बोलल्या. विसरण्याचा आजार आहे, गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. बळीरामांनी विचारलं, "डोस वाढवला तं?" बाईंनी नकारार्थी मान हलवली.

राजदीपला त्यांनी कळवलं नाही. तो दोघांना पुण्याला नेणार, आणि नव्या घरात चंपाबाईंना न्हाणीघरही सापडणार नाही, अशी त्यांना भीती होती. खरं म्हणजे ते तोंडानं बोललं की खरं होईल, ही त्याहून मोठी भीती होती. टाकी मात्र वाचवायची. या घरात चंपाबाईंना वाट न चुकता सापडणारी तेवढी एकच जागा होती.

त्यांनी डबा लपवला. चंपाबाईंनी घर उलटंपालटं केलं, मग रात्रीचा भात कुस्करून टाकीत टाकला. पाणी दुधासारखं झालं. मग डब्यात एका दिवसापुरतंच खाणं ठेवून पाहिलं. ते तासाभरात संपलं आणि पाठोपाठ बिस्किटं पडली. रागावून पाहिलं. चंपाबाई लहान तोंड करून बसल्या, आणि वीस मिनिटांनी राग कशाचा होता हे विसरून टाकीपुढे उभ्या. रागावण्यातही काही अर्थ राहिला नव्हता.

तेव्हा बळीरामांना ती कल्पना सुचली. राजदीपनं ठेवलेली पोवळ्याच्या रेतीची अर्धी गोणी माळ्यावर होती. रेती बारीक, रंगानं खाण्याच्या दाण्यासारखीच. ती धुऊन, वाळवून त्यांनी डब्यात भरली. खरं खाणं आपल्या शर्टाच्या खिशात पुडीत ठेवलं, आणि चंपाबाई आंघोळीला गेल्या की स्वतः चिमूटभर द्यायला लागले. चंपाबाईंनी दिवसातून वीसदा रेती टाकावी. रेती तळाला बसते, कोणाचं काही बिघडत नाही. मार्चच्या मध्यापासून फॉस्फेटचा आकडा उतरू लागला. दगडांवरचे हिरवे केस पिवळे पडले, गळले. महिनाअखेरीस टाकी अशी स्वच्छ झाली की मागच्या भिंतीवरचं प्लास्टर दिसावं. बळीरामांनी वहीत लाल पेननं लिहिलं: काई नाही. आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पण मासे मुके असले तरी मूर्ख नव्हते. पहिले काही दिवस चंपाबाईंचा हात दिसला की धावत यायचे, दाणा तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. मग थुंकायलाही येईनासे झाले. चंपाबाई काचेला बोट लावायच्या, तिघे दगडामागे. बळीराम नुसते बाजूनं गेले तरी काचेवर धडकायचे.

"माह्यावर रुसले," चंपाबाई म्हणायच्या. "काय केलं म्या यायचं?" दिवसातून कितीदा तरी त्या हे म्हणायच्या, आणि दरवेळी ते दुःख त्यांना नव्यानं व्हायचं. आधीचं विसरल्यामुळे काही हलकं होत नव्हतं. बळीराम मोरीत जाऊन नळ सोडून उभे राहायचे.

एप्रिलच्या सहा-सात तारखेची दुपार. चंपाबाईंनी चिमूट टाकली. मासे आले नाहीत. त्यांनी डब्यात पाहिलं, दोन दाणे बोटांत चोळले, एक जिभेवर ठेवला.

"हे तं रेती व्हय," त्या म्हणाल्या.

बळीरामांनी मान वर केली. चंपाबाईंचे डोळे अगदी पूर्वीसारखे होते, मंडळाच्या सभेत खोटा हिशेब पकडतानाचे.

"तुमीनं भरली?"

"हो."

"कावून?"

"तू घडी घडी टाकतं वं खाणं. दहादा, पंधरादा. ध्यानात नाई राहत तुह्या. त्याच्यानं काई होते. राजदीप टाकी नेईन म्हने, मंग..."

चंपाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मले आठवत नाई," त्या हळूच म्हणाल्या. ही गोष्ट त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "मी इसरून राहिली हे तुमाले माहीत होतं. मंग मले सांगाचं ना. मुक्या जीवाले कावून फसवलं? आमाले दोघांयले फसवलं तुमीनं."

 बळीरामांनी आयुष्यात साहेबांपुढे कधी मान खाली घातली नव्हती, ती तिथे गेली. ते चपला घालून बाहेर पडले आणि बाजारातून उगाच एक फेरी मारून आले. परत आले तेव्हा चंपाबाई चहा ठेवत होत्या. "कोठी गेलते अवो? माशायले काही देलं काय?" त्यांनी विचारलं. डोळ्यांतलं ते पूर्वीचं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बळीरामांनी वही उघडली. त्यांच्या कालच्या नोंदींच्या खाली, गोल गोल अक्षरांत, ओळ सोडून, मंडळाचा वृत्तांत लिहावा तसं नीट लिहिलं होतं:

सूचना. डब्यात रेती भरू नये. माशांना खरं खाणं द्यावं. मी उद्या विसरून जाईन म्हणून आज लिहून ठेवते. चंपा बळीराम रामटेके.

बळीराम खुर्चीत बसले. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग वही घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"चंपा, हे तू लिहिलं ना?"

चंपाबाईंनी वही हातभर लांब धरली. "कोन जाने. बाईचं अक्षर दिसते. चांगलं हाय." मग वाचून म्हणाल्या, "कोन रेती भरून राहिला डब्यात? भरू नका ना. लिहिलं हाय तं."

"तू खोडतं काय हे?" बळीरामांनी पेन पुढे केलं. असं विचारताना त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

"मी कावून खोडू? ज्यानं लिहिलं तो खोडन." एवढी वर्षं श्यामरावाची गोष्ट ऐकून कायदा त्यांना पाठ झाला होता. नवऱ्याचं वय विसरल्या होत्या, हे विसरल्या नव्हत्या.

बळीरामांनी डब्यातली रेती मोरीत ओतली. खिशातली पुडी डब्यात रिकामी केली. मग राजदीपला फोन लावला.

"टाकी साफ होनार नाई," ते म्हणाले. "झाली होती. आता पुन्हा काई येईन. तू नेऊ नको."

"पण बाबा, साफ झाली होती तर फिर क्या प्रॉब्लम है? मले समजून नाई राहिलं."

बळीरामांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग जे दीड महिना गिळलं होतं ते चार वाक्यांत सांगून टाकलं. 

"कब से?" राजदीपनं विचारलं. लहानपणी ताप आला की असायचा तसा त्याचा आवाज होता.

"थांब. पाहून सांगतो." बळीरामांनी वहीचं डब्यांचं पान काढलं. पहिला डबा साडेपाच महिने गेलेला. दुसरा साडेपाच. तिसरा तीन. चौथा दीड. मग सव्वा. पाचव्या-सहाव्याच्या पुढे ते अंतर आक्रसत आक्रसत तीन आठवड्यांवर आलेलं. सगळं त्यांच्याच अक्षरात, तारीखवार. "मागच्या पावसाळ्यापासून," ते म्हणाले. "नोंद हाय माह्याकडे. म्या वाचली नाई."

चौदा एप्रिलला राजदीप आला. गाडी आणली नाही. पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात त्यानं आईला चारदा मासे जेववताना पाहिलं, आणि चारही वेळा आईनं त्याला विचारलं, कधी आला बापू? चारही वेळा त्यानं "आत्ताच" म्हणून सांगितलं. जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल गल्लीत आले तरी तो टाकीपुढून उठला नाही. चार दिवसांनी पुण्याला गेला, जून महिन्यात परत येतो म्हणाला.

मासे चंपाबाईंच्या बोटापाशी पुन्हा येऊ लागले. मे उजाडेपर्यंत दगडांवर हिरवी लव आली, मग केस आले, मग काचेवर साय. बळीराम आता एक दिवसाआड बादलीभर पाणी बदलतात, रोज सकाळी बाह्या वर करून टूथब्रशनं दगड घासतात. घासलेलं संध्याकाळपर्यंत पुन्हा हिरवट दिसतं. क्लोरीनची आठवण त्यांना आता येत नाही.

आठ वाजता ते हाक मारतात, "चंपा, सही कर." चंपाबाई कधी 'चं' काढतात, कधी पेन हातात धरून नुसत्या पाहत राहतात. मग बळीराम वही घेतात. ती सूचना अजून खोडलेली नाही, आणि खोडणारी बाई या घरात पुन्हा कधी येईल की नाही, हे त्यांना ठाऊक नाही. ते नव्या पानावर ती जशीच्या तशी उतरवून घेतात, खाली तारीख घालतात आणि लिहितात: वाचली. बळीराम.